जुने व्हिडिओ गेम जमवायचे आहेत? सुरुवात घरच्या माळ्यावरून करा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे खोके खाली येते. आत वायरींचा गुंता, पिवळा पडलेला एक डबा, दोन रिमोट आणि पाच-सहा रंगीत कॅसेटी. घरातले म्हणतात, "हे चालत नाही, भंगारात टाक." भंगारवाला किलोवर भाव करतो आणि खोके जाते.

माधवनगर, बुधगाव, सांगली, मिरज या पट्ट्यात नव्वदच्या दशकात मोठ्या झालेल्या अनेकांच्या घरी हे घडले आहे. आता तीच पिढी चाळिशीत आली आहे आणि तेच डबे पुन्हा शोधते आहे. जुने व्हिडिओ गेम जमवणे हा जगभर रुजलेला छंद आहे. आपल्याकडे तो सुरू करायचा तर परदेशी सल्ला जसाच्या तसा चालत नाही, कारण आपल्याकडे आलेली यंत्रे वेगळी, बाजार वेगळा आणि हवाही वेगळी. म्हणून सुरुवात कशी करायची, काय तपासायचे आणि पैसे कुठे वाया जातात, ते क्रमाने पाहू.

आपल्याकडचा 'टीव्ही गेम' नेमका काय होता?

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये विकायला आणले. त्याचेच वेगळ्या रूपातले यंत्र १९८५ मध्ये 'एनईएस' या नावाने अमेरिकेत आले. भारतात सामुराई या नावाने एनईएस अधिकृतपणे विकला गेला, पण सामान्य घरांत पोहोचला तो त्याचा 'क्लोन'. म्हणजे फॅमिकॉमसारखेच काम करणारी, पण निन्टेंडोने न बनवलेली स्वस्त यंत्रे. मीडिया कंपनीचा लिटल मास्टर हे त्यातले एक नाव. पुढे मुंबईच्या मिताशी कंपनीनेही अशी यंत्रे विकली. याखेरीज बिननावाचे किंवा भलत्याच नावाचे असंख्य डबे जत्रेत, फॅन्सी स्टोअरमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळत.

क्लोन इतके का पसरले, याचे उत्तर किमतीत आहे. सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे १८ हजार रुपये होती. आयात करही जबर होता. एवढ्या पैशात तेव्हा घरात रंगीत टीव्ही येत असे. त्यामुळे मारिओ, काँट्रा, रोड फायटर, बॉम्बरमॅन, सर्कस चार्ली हे खेळ आपण ज्या यंत्रावर खेळलो ते बहुतेकांच्या बाबतीत क्लोनच होते, आणि कॅसेटही मूळ कंपनीची नव्हती.

हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. 'माझ्याकडे लहानपणीचा निन्टेंडो आहे' असे सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे निन्टेंडो नसतो. त्यात कमीपणा काही नाही. उलट तोच आपला खरा इतिहास आहे. पण विकत घेताना मात्र अस्सल आणि क्लोन यांतला फरक कळलाच पाहिजे.

काय जमवायचे, ते आधी ठरवा

सगळेच जमवायला निघालेला माणूस सहा महिन्यांत कंटाळतो. जागा संपते, पैसे संपतात आणि घरचे वैतागतात. म्हणून एक वाट निवडा.

• आठवणीची वाट : लहानपणी खेळलेले खेळ आणि तेव्हाचे यंत्र. खर्च कमी, समाधान जास्त. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

• एकाच यंत्राची वाट : फक्त गेम बॉय, फक्त प्लेस्टेशन २, असे. गेम बॉय १९८९ मध्ये आला, पहिला प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये आणि प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये. प्लेस्टेशन २ भारतात दीर्घकाळ विकला गेला, त्यामुळे त्याची यंत्रे आणि डिस्क अजूनही तुलनेने सहज मिळतात.

• भारतीय खेळांची वाट : ही वाट फारशी कोणी चाललेले नाही. 'हनुमान : बॉय वॉरियर' (२००९) हा प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेला पहिला खेळ. त्यानंतर 'देसी अड्डा', 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', 'रा.वन' (२०११), 'डॉन २' (२०१३) असे खेळ आले. ते प्रामुख्याने इथल्या बाजारासाठी निघाले, म्हणून परदेशातील संग्राहकही ते शोधतात. आपल्याकडे मात्र ते जुन्या सीडींच्या ढिगात पडलेले असू शकतात.

• क्लोनची वाट : वेगवेगळे डबे, त्यांची खोकी, '९९९९९९९ इन वन' लिहिलेल्या कॅसेटी. या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच खेळ वेगळ्या पातळीपासून किंवा किरकोळ बदल करून पुन्हापुन्हा यादीत टाकलेले असत. बाजारात यांना किंमत जवळपास नाही, म्हणूनच ते सर्वात वेगाने नष्ट होत आहेत.

आर्केडचा, म्हणजे पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांचा नाद सुरुवातीला नको. आपण ज्याला 'मुस्तफा' म्हणायचो तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. त्याच्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते. ती संपली की खेळ चालू होण्यासाठी लागणारी माहिती पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. अशी दुरुस्ती हे नवशिक्याचे काम नाही.

कुठे शोधायचे?

पहिली जागा स्वतःचे घर. मग मामाचे, आत्याचे आणि शेजारच्यांचे. नातेवाइकांच्या गटावर एक फोटो टाकून "असा डबा कुणाकडे पडून आहे का?" एवढे विचारले तरी काही ना काही निघते. फुकट मिळाले तरी देणाऱ्याला सांगून घ्या. आपण काय देतो आहोत हे त्याला माहीत असावे.

दुसरी जागा म्हणजे जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान. ज्या काकांनी तीस वर्षांपूर्वी या यंत्रांना सोल्डर मारले, त्यांच्याकडे मागे फळीवर बंद पडलेले डबे, अ‍ॅडॉप्टर आणि रिमोट पडून असतात. शिवाय दुरुस्तीची माहिती त्यांच्याइतकी कुणाकडे नसते. तिसरी जागा भंगार आणि रद्दीची दुकाने. त्यांना आपला फोन नंबर देऊन ठेवावा.

मोठ्या शहरात पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड सुट्या भागांसाठी आणि चोर बाजार जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. माधवनगर-सांगलीहून पुण्याला रेल्वे आहे, पण फक्त एका डब्यासाठी फेरी मारू नका. दुसरे काम काढून जा, म्हणजे रिकाम्या हाताने परतलात तरी चुटपुट लागणार नाही.

इंटरनेटवर जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटवरही बरेच काही दिसते. तिथे दोन नियम पाळा : यंत्र चालू असल्याचा व्हिडिओ मागा आणि आधी पूर्ण पैसे पाठवू नका. जपान-अमेरिकेतून मागवताना वस्तूच्या किमतीत टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी धरा. स्वस्त वाटलेली कॅसेट घरी येईपर्यंत दुप्पट होऊ शकते.

घेताना काय तपासायचे?

क्लोन आणि फॅमिकॉम : फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडचे बहुतेक क्लोन ६० पिनांचे. म्हणजे अमेरिकेतून आणलेली एनईएसची कॅसेट त्यात थेट बसत नाही, मधे जोडणी लागते. डबा हलवून आत काही खुळखुळते का पाहा. रिमोटची सगळी बटणे दाबून पाहा, खास करून दिशेचे बटण.

कॅसेट : स्वस्त कॅसेट उघडली तर हिरव्या पट्टीवर काळा गोल ठिपका दिसतो. त्या लाखेसारख्या थेंबाखाली चिप असते. अस्सल कॅसेटमध्ये बहुधा पाय असलेली, क्रमांक छापलेली चिप असते.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स : पोकेमॉनच्या बनावट कॅसेटी सगळीकडे आहेत. अस्सल कॅसेटच्या लेबलवर दोन अंक दाबून उमटवलेले असतात, तिरप्या उजेडात ते दिसतात. खालच्या पिनांच्या वर पट्टीवर निन्टेंडोचे नाव छापलेले दिसते. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. तिथे साधा फुलीचा स्क्रू असेल तर सावध व्हा. बनावट कॅसेटमध्ये खेळाची नोंद जतन होत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे.

प्लेस्टेशन : पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कची खालची बाजू काळी असते. प्लेस्टेशन २ च्या डिस्क चंदेरी असतात, सीडीवर आलेले काही खेळ निळसर असतात. यंत्र घेताना डिस्क टाकून किमान पंधरा मिनिटे खेळून बघा, कारण भिंग कमजोर झाले असेल तर खेळ सुरू होतो पण मधेच अडकतो. ८ एमबीचे मेमरी कार्ड सोबत आहे का, तेही विचारा.

सर्वात महत्त्वाचे, अ‍ॅडॉप्टर : या छंदात यंत्रे जळतात ती बहुधा इथेच. जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२० ची आणि आपली २३० ची. तिकडचा जुना अ‍ॅडॉप्टर आपल्या प्लगात थेट लावला की तो जळतो. त्यात भर म्हणजे अमेरिकी एनईएसचा अ‍ॅडॉप्टर एसी वीज देतो आणि फॅमिकॉमला डीसी लागते. पिन बसते, पण यंत्र जाते. फॅमिकॉमला मधला टोक ऋण असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो, तर आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरचे मधले टोक धन असते. म्हणून यंत्राच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट आणि धन-ऋणाची खूण अ‍ॅडॉप्टरशी तंतोतंत जुळवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त असला तरी चालतो. पाठीवरचा कागद निघून गेला असेल तर मेकॅनिककडून मल्टिमीटरने तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.

फुंकर मारू नका

कॅसेट चालेना की आपण सगळ्यांनी तिच्या तोंडाशी फुंकर मारली आहे. मग ती चालायची, म्हणून फुंकरीवर विश्वास बसला. खरे तर कॅसेट काढून परत बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जात आणि त्यांवरचा थर निघे. काम त्या घासण्याने होत होते. फुंकरीतून जाणारा ओलावा पिनांना गंज चढवतो.

योग्य पद्धत सोपी आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते ९० टक्क्यांहून तीव्र असावे. इअरबड त्यात किंचित भिजवा, कॅसेटच्या पिनांवर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा. काळा मळ निघेल. बड स्वच्छ येईपर्यंत नवा घेत राहा. दहा मिनिटे वाळू द्या आणि मगच लावा. खोडरबराने पिना घासण्याची सवय अनेकांना असते. त्याने पिनेवरचा पातळ मुलामाही निघतो, तेव्हा ते टाळा.

रिमोट किंवा गेम बॉयमध्ये सेल फुटून पांढरी पूड झाली असेल, तर ती अल्कलाइन सेलची असते. बडवर थोडे व्हिनेगर घेऊन पुसा, नंतर अल्कोहोलने पुन्हा पुसा. न वापरता ठेवायच्या कुठल्याही यंत्रातले सेल आधी काढा.

टीव्हीचे काय?

जुन्या डब्यातून चित्र दोन प्रकारे बाहेर पडते : अँटेनाच्या वायरीने किंवा पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही वायरीने. नव्या टीव्हीला एव्हीची जागा असेल तर थेट जोडता येते. नसेल तर एव्हीचे एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते. अँटेनाचे चित्र लावताना टीव्हीच्या अ‍ॅनालॉग चॅनलवर शोध घ्यावा लागतो.

एक खेळ मात्र नव्या टीव्हीवर चालत नाही : बदके मारायचा डक हंट. त्याची बंदूक गोळी सोडत नाही, तर उजेड टिपते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीला त्याच क्षणी दिसला की नेम लागला. एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात वेळ निघून जाते. बंदूक वापरायची असेल तर जुना, मागे फुगीर असलेला टीव्हीच हवा. असा टीव्ही कुणी देत असेल तर घ्या, पण तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या नळीत जिवावर बेतेल इतका दाब साठून राहू शकतो.

ओल, पूर आणि बॅटरी

सांगली परिसरात संग्रहाचा मोठा शत्रू पाणी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुरात घरेच्या घरे बुडाली आणि कपाटांतल्या वस्तू चिखलात गेल्या. नदीकाठच्या वस्तीत राहत असाल तर संग्रह तळमजल्यावर ठेवूच नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा वरच्या मजल्यावरच्या कपाटात. पत्र्याखालचा माळा मात्र उन्हाळ्यात तापतो, तो टाळा. थेट उन्हाने जुने प्लास्टिक पिवळे पडते.

कॅसेट किंवा यंत्र पुराच्या पाण्यात भिजलेच, तर चालते का हे बघायला लगेच वीज लावण्याचा मोह आवरा. भिजलेल्या पट्टीला वीज मिळाली की ती कायमची जाते. आधी उघडा, बॅटरी काढा, स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून सावलीत चार-पाच दिवस पूर्ण वाळवा. अशा रीतीने बऱ्याच कॅसेटी वाचतात.

दुसरा शत्रू आत बसलेला असतो. 'झेल्डा' किंवा गेम बॉयचा पोकेमॉन यांसारख्या कॅसेटीत खेळाची नोंद टिकवायला नाण्याएवढी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती साधारण पंधरा-वीस वर्षांनी संपते. खेळ चालतो, पण नोंद राहत नाही. बॅटरी बदलता येते, पण ती काढली की सहसा आधीची नोंद पुसली जाते. भावाने पंचवीस वर्षांपूर्वी जतन केलेला खेळ त्यात असेल तर आधी त्याला दाखवा, मग बॅटरी बदला.

पैशाचे गणित

२०२१ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली, ही बातमी वाचून अनेक जण माळ्यावर चढले. ती प्रत अस्सल होती, कधीच उघडलेली नव्हती आणि तिच्या स्थितीला तज्ज्ञ संस्थेने गुण दिलेले होते. आपल्या घरातल्या वापरलेल्या क्लोन कॅसेटचा त्या जगाशी संबंध नाही. गुंतवणूक म्हणून या छंदात उतरू नका. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि प्रत्येक खरेदीआधी स्वतःला विचारा : मी हे खेळणार आहे का? 'दुर्मीळ' हा शब्द विक्रेता सर्वात आधी वापरतो. तीच वस्तू आठवडाभर इतरत्र शोधा, मग ठरवा.

डाउनलोड केलेले खेळ चालतात का?

संगणकावर जुने खेळ चालवणारे एम्युलेटर हे साधन म्हणून वेगळे आणि त्यावर चालणारी खेळाची फाइल वेगळी. खेळ जुना झाला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. इंटरनेटवरून कुणाच्याही खेळाची प्रत उतरवून घेणे कायदेशीर ठरत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात, संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याने ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढण्याची सोय आहे. ती स्वतःच्या प्रतीपुरती आहे, वाटण्यासाठी नाही.

नोंदवही ठेवा

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. ही स्थिती मोठ्या कंपन्यांच्या, नीट नोंदी असलेल्या खेळांची. आपल्या क्लोन डब्यांची तर नोंदच कमी. कोणते नाव कोणत्या वर्षी कुठल्या दुकानात मिळत होते, किंमत काय होती, हे लोकांच्या आठवणीतच आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा. प्रत्येक वस्तूसाठी एवढे लिहा : नाव, खोक्यावर छापलेला मजकूर, आतल्या पट्टीवरचा क्रमांक, कुठून मिळाली, कितीला मिळाली, काय दुरुस्त केले. ज्यांनी दिली त्यांना विचारा : "हा कधी आणला होता? कितीला? कोण खेळायचे?" तेही लिहा. पट्टीचा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा.

यंत्र आज ना उद्या बंद पडेल. पण "हा १९९६ च्या दिवाळीत वडिलांनी बोनसमधून आणला, आम्ही चौघे पाळीपाळीने खेळायचो" ही ओळ वहीत असेल, तर तो डबा पुढच्या साफसफाईत भंगारात जाणार नाही.